वेशीतल्या पेवातली जवारी

त्या दिवशी शाळेच्या वट्ट्यावर कोण कोण होतं ते आधी सांगते. बसवकल्याणाकडून सायकलीवर येणारे सर होते. माझा ल्योक होता. पाटलाचा धाकटा होता, तेल्याचं पोरगं होतं, कुंभाराची लेक होती. दारातल्या दगडावर पाटील अण्णा बसलेले. ते काय वर्गातले न्हवते, पण जितं चार माणसं बसत्यात तितं ते बसायचेच. आन मी होते. आणखी काही पोरं होती, ती नुसती ऐकायची, बोलायची न्हाईत. नावं घेत न्हाई. काही गेलीत, काही अजून वाटंवर दिसत्यात.

मला लिव्हता येत न्हाई, सही तेवढी येते. लेकीची लेक लिहून घ्यायलीय. तिला म्हणले, मी बोलते तसंच लिव्ह, शाळेतलं करू नको.

आमचं गाव मंठाळाच्या अंगाला. आमी बुद्धाचे झालो त्याला तवा बरीच वर्सं झालती. देव घरातनं गेले, पण वस्ती होती तितंच ऱ्हायली, गावाच्या उगवतीला. मालक बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीच वारले. एक ल्योक, एक लेक. दुष्काळात आमी तिघंबी खडी फोडायला गेलाव, रस्त्याच्या कामावर. खायाला सरकारनं बाहेरनं आणलेली तांबडी मिलो जवारी मिळायची, तिची भाकर थापली की चिरायची. लेक रडायची, मला ही नको, घरची कर. घरची जवारी घरात होती. माळवदाच्या तुळईला वाळका भोपळा टांगलेला, त्यात माझ्या मायची जवारी होती, बियाणाची. माझ्या लग्नात मायनं वटीत घातलेली. आमाला जमीन न्हवती तरी घातली. म्हणली, जमीन कवा तरी होईल, तवा बी कुठं हुडकशील. मी दरसाली पाटलाच्या बांधाला दोन ओळी मागून घ्यायची, पेरायची, नवं बी भोपळ्यात भरायची. दुष्काळात लेकरं उपाशी निजली पण त्या भोपळ्याला मी हात लावला न्हाई. चांगलं केलं का वाईट केलं मला ठाव न्हाई. केलं तसं.

दुष्काळ सरल्यावर सरकारनं गायरानातली एक पट्टी आमच्या नावावर केली. दगडाळ, उताराची. गावात लोक हसले, म्हणले दगडं पेरा आता. पण माझ्या लेकानं ती पट्टी धरली. दगडं वेचली आन त्याच दगडाचा उताराला आडवा बांध घातला. हे त्याला सरांनी शिकवलेलं. पहिल्याच साली मायची जवारी पेरली, मी तिफणीच्या चाड्यावर मूठ धरली, आन ती आली. लई न्हाई, पण कंबरंच्या वर आली. ल्योक दिवसभर गोफण घेऊन पाखरं हाकायचा आन सांजंला यायचा तवा त्याचं तोंड येगळंच दिसायचं. त्याच्या वयाची आमच्या वस्तीतली पोरं सगळी हैदराबादला जायलती, मिस्तरीच्या हाताखाली. तो म्हणायचा, मी न्हाई जात. मला एवढंच पायजे होतं. आपल्या रानात आपलं पोरगं उभं ऱ्हावं. दुसरं काय मागितलं न्हाई मी कुणाला.

सर म्हणजे सरकारनं शेती शिकवायला धाडलेलं पोरगंच होतं तेबी. कन्नड घरातलं, मराठी बोलायचं ते तोंडात खडा धरल्यावानी. दर आठवड्याला बाजार सोडून एक दिवस यायचं. शेत कसं करायचं, खताचा खड्डा कसा भरायचा, करडईच्या ओळी कडंनं कामून घालायच्या, हे शिकवायचं. आन पैसा कसा राखायचा तेबी. पैशाचं शिकवायला त्यानं पैसा न्हाई काढला कवा. माझ्याकडनं सूपभर जवारी मागून घ्यायचा आन वट्ट्यावर रास घालायचा. म्हणायचा, ही रास म्हणजे तुमचं वरीस. आता ह्यातनं काढा, काय काय लागतंय.

तेल्याच्या पोरानं पहिल्यांदाच दोन्ही वंजळी भरून बाजूला काढल्या.

"हे काय?" सर म्हणले.

"लगीन."

"आधीच लगीन? खाणार काय मग?"

"बायकू आल्याबिगर भाकर कोण करंल, सर?"

पोरं हसली. पाटलाचा धाकटा म्हणला, "ह्याला कोण देतंय पोरगी, अंगाला पेंडीचा वास येतोय." तेल्याचं पोरगं म्हणलं, "वास येतोय म्हणून तर तुमच्या म्हशी माझ्या मागं येत्यात."

कुंभाराची लेक हसली न्हाई. तिनं एक मूठ घेतली आन पदराखाली ठेवली. सर म्हणले, ही काय? ती म्हणली, बियाणं. कुणाला दिसाय नको, दिसलं की खात्यात. सर म्हणले, हिला कळलंय. आधी बी बाजूला, मग पोट, मग सण, मग लगीन. ज्याचं बी घरचं, खत घरचं, त्याचा पैसा घराबाहेर जात न्हाई. तेवढं कळलं की माझं काम झालं.

मला वर्गात बोलावलं ते बी कसं राखायचं ते दावायला. कणीस कसं निवडायचं, उनात किती वाळवायचं, राख कोणती घालायची. मला सर अक्का म्हणायचे. ते ऐकून पोरं पण अक्का म्हणाय लागली, पाटलाचा धाकटासुद्धा. वट्ट्यावर अक्का, वाटंवर म्हातारे. मी काय म्हातारी न्हवते तवा. पण वट्ट्यावर का असंना, म्हणायचा.

मग सरांनी काढलं की बियाणं सगळ्यायचं एकत्र करायचं. दुष्काळानं घराघरातलं बी खाऊन टाकलेलं, कुणाकडं उलीसं, कुणाकडं काहीच न्हाई. ज्याच्याकडं हाय त्यानं घालायचं, पेरणीला रानाच्या मानानं वाटून घ्यायचं, रास झाली की सवाईनं परत. म्हणजे पायलीला सव्वा पायली. दोन-तीन वर्सात गावात कुणाला बियाणासाठी कुणाच्या दारात जायला नको. माझ्या लेकाला हे लई पटलं. दारात जायला नको, हे आमच्याएवढं कुणाला पटणार. घरात जेवतानाबी तेच बोलायचा. आणि सगळ्यात चांगलं बी कुणाचं, तर आमचं. त्या साली वट्ट्यावर ओल्या फडक्यात बांधून बघितलं, तर माझ्या मायच्या जवारीचा दाणा न् दाणा उगवला. सरांनी ते फडकं सगळ्यायला फिरवून दावलं.

आता ठेवायचं कुठं, हे त्या दिवशी ठरवायचं होतं, ज्या दिवशी कोण कोण होतं ते मी वर सांगितलं.

सर म्हणले, "कोरडं घर पायजे. कणगी पायजे. कुणाच्या घरात?"

पाटलाचा धाकटा म्हणला, "आमच्या वाड्यात ठिवा की. जागा मायंदाळ हाय."

माझा ल्योक म्हणला, "ठिवू. पण कवा बघायचं झालं, राख पालटायची झाली, तर आमाला आत यायला लागंल. येऊ का?"

धाकट्यानं दगडावर बसलेल्या बापाकडं बघितलं. पाटील अण्णा तमाखू मळत होते, मळतच ऱ्हायले.

कुंभाराची लेक म्हणली, "आमच्या घरात भट्टीची वल-धग असतीय. जमणार न्हाई."

तेल्याचं पोरगं म्हणलं, "आमच्यात ठिवलं तर आमची आई पाव्हण्यायला घालंल. तिला कुणी उपाशी बघवत न्हाई, मला सोडून."

कुणी हसलं न्हाई. मग मी म्हणले, "माझ्या घरात ठिवा. माळवद कोरडं हाय, कणगी नवी लिपलीय. दुष्काळात राखलं ते हितंबी राखीन."

हे मी बोलले. पोरं खाली बघाय लागली. पाटलाचा धाकटा पायाच्या अंगठ्यानं जमीन उकराय लागला. त्याच्या मनात वाईट न्हवतं, मला ठाव हाय. पण आमच्या वस्तीतनं, आमच्या कणगीतनं निघालेलं बी घरी न्यायचं, देवापुढं ठेवायचं, पूजा करून पेरायचं, हे त्याच्या आईला चाललं नसतं. जवारी आमी खळ्यात मळलेली चालायची. आमच्या घरात ऱ्हायलेली चालायची न्हाई.

तवा तेल्याचं पोरगं म्हणलं, "वेशीतलं पेव हाय की रिकामं. ते कुणाच्याच बापाचं न्हाई."

पेव म्हणजे जमिनीतलं बळद. मडक्यावानी खोल खांदायचं, आतनं लिपायचं, कडबा लावायचा, जवारी भरून तोंड मातीनं बंद करायचं. वेशीतलं पेव निजामाच्या काळातलं, लेव्हीची, म्हणजे सरकारनं सक्तीनं घेतलेली जवारी ठेवायचे त्यात. तवापासनं मोकळंच. पोरानं म्हणलं आन सगळ्यायनी श्वास सोडला बगा. पाटील अण्णा पहिल्यांदाच बोलले, "आयितु, ठरलं. हे बेस झालं." तसं झालं की कुणाला कुणाच्या घरात जायला नको.

मी म्हणले, "पेवातली जवारी खायाची असतीय. बियाणं पेवात मरतंय."

सरांनी सगळ्यायकडं बघितलं. "खरं हाय का?"

खरं हाय हे तितं बसलेल्या हरेकाला ठाव होतं. पेवात वाफ धरती, दाणा आतनं गरम होतोय. बारक्या लेकराला ठाव असतंय. पाटील अण्णाला तर माझ्यापेक्षा जास्ती ठाव. पण व्हय म्हणलं तर मग परत तोच प्रश्न, कुणाच्या घरात. कुंभाराच्या लेकीनं माझ्याकडं बघितलं, मग खाली बघितलं.

पाटलाचा धाकटा म्हणला, "पावसाळ्याचाच तर प्रश्न हाय, अक्का. राख भरपूर घालू. वरनं दोनदा लिपू. एवढ्यात काय होतंय?"

आन माझा ल्योक म्हणला, "होऊ द्या. पेवात ठिवू."

वाटंनं येताना त्याला म्हणले, "तुला तर ठाव होतं." तो म्हणला, "आई, आज न्हाई म्हणलं असतं तर हे हितंच मोडलं असतं. मोडलं तर माझ्यामुळं मोडलं म्हणले असते."

आणखी एक ठरलं होतं, कुणी मूठभरबी मागं ठेवायचं न्हाई. मागं ठेवलं की ज्याचं त्याचं झालं. भरायच्या दिवशी ल्योक घरी आला, कणगीतलं पोत्यात भरलं आन भोपळा खाली काढला. मी म्हणले, "ह्यातलं ऱ्हाऊ दे. ही माझ्या मायची." तो म्हणला, "दुसऱ्यानं ठिवलं तर कुणी इचारणार न्हाई. आपल्या घरात निघालं तर गावभर होईल. बगा म्हणतील, ह्यांची जात." मी दिलं. भोपळा हलवून बघितला, आत काही वाजलं न्हाई.

पाऊस त्या साली चांगला झाला. पेवावरनं लेकरं खेळायची. ल्योक येता-जाता तितं थांबायचा, लिपण बघायचा, भेग दिसली की माती लावायचा.

पोळा झाल्यावर पेव उघडलं. तोंड मोकळं केलं आन दुपारपत्तोर तसंच ठेवलं, आतली हवा वाईट असती, माणूस मरतंय. मग कंदील सोडून बघितला. तेल्याचं पोरगं उतरलं. पहिली बुट्टी वर आली तशी मी हात घातला. दाणा गरम होता. तांबूस झालता आन आंबूस वास येत होता. पेवातल्या जवारीचा वास, ज्यानं खाल्लीय त्याला ठाव हाय. भाकरीला वाईट लागत न्हाई ती.

सगळ्यायच्या म्होरं ओल्या फडक्यात बांधली. दोन-तीन दिवसांनी वट्ट्यावर सरांनी फडकं सोडलं. दाणे फुगलेले, बोटानं दाबलं की पीठ होऊन पसरायचे. एकाला सुद्धा मोड न्हवता. सर खालीच बसले. म्हणले, "असं कसं झालं?"  पाटील अण्णा दगडावर न्हवते त्या दिवशी.

मेलेलं बी मग वाटून घेतलं, खायाला. तेबी रानाच्या मानानंच वाटलं.

त्याच आठवड्यात वापसा झाला, रान पेरणीजोगं झालं. सगळी तिफणी घेऊन रानात. मला वाटलं आता ही कुठनं पेरतील. पाटलाच्या वाड्यातनं पोतं निघालं. तेल्याच्या घरात गाडगं निघालं. कुंभाराकडं चुलीमागं उतरंडीत होतं. हरेकानं मागं ठेवलेलं. कुणी कुणाला म्हणलं न्हाई, कामून ठिवलं. दुष्काळ बघितलेलं माणूस ठेवणारच, त्यांना मी काय नाव ठेवू. बिनबियाणाचं घर एकच ऱ्हायलं.

कुंभाराच्या लेकीनं पदराखाली चिपटंभर बी आणून दिलं. म्हणली, "अक्का, माझ्या मायला सांगू नका." तेवढ्यात रानाचा एक कोपरा पण झाला नसता. ल्योक पाटलाकडं गेला. ज्यासाठी वर्ग केला, पेव भरलं, त्याच दारात. मी संगं गेले, बाहेर उभारले.

पाटील अण्णा म्हणले, "ने की बी. न्हाई कोण म्हणलंय. पण आमची पेरणी उरकू दे आधी. गडी आजारी हाय, तू तिफण धर. तुला चांगलं येतंय आता, सरांनी शिकवलंय म्हणं."

ह्यो टोमणा न्हवता. खरंच चांगलं यायचं त्याला. पाटलाचं रान त्यानं आडवं पेरलं, उताराला धरून, कडंनं करडईच्या ओळी घालून. तसलं पेरलेलं रान गावानं बघितलं न्हवतं. धाकटा त्याच्या मागं मागं फिरून शिकून घ्यायलता. त्यात हस्ताचं ऊन पडाय लागलं. आमची पट्टी वरच्या अंगाची, बारीक मातीची, तिची ओल आधी उडती. पाटलाची तिफण मोकळी झाली तवा आमी ती आन बी नेलं. मी चाड्यावर मूठ धरली. मातीचा वास येत न्हवता, धूळ उडत होती. मला कळलं, त्यालाबी कळलं. तरी पेरलं शेवटपत्तोर. 

उगवलं ते कुठं कुठं. जे उगवलं ते पाखरांनी उपटलं.

सर आणखी थोडे दिवस आले. वट्ट्यावर पोरं कमी कमी होत गेली. मग त्यांची बदली झाली म्हणं. जाताना घरापत्तोर आले, पाणी पिले.  म्हणले, "अक्का, तुमची सूपभर जवारी माझ्याकडनं यायची हाय." मी म्हणले, ऱ्हाऊ द्या.

येळवसला, म्हणजे मार्गशीर्षाच्या अमावशाला, अख्खं गाव रानात जेवतंय. आमी सण सोडले, पण येळवसला रानात बसून भाकर खायाची सोडली न्हाई, त्यात देव काय आन बुद्ध काय. सगळ्यायची रानं डोक्याइतकी उभी. पाटलाच्या रानातनं हाका यायलत्या, आंबील प्यायला या म्हणून. मी भाकरी बांधून नेल्या, पेवातल्या जवारीच्या. घरात तीच होती. बांधाच्या दगडावर बसून आमी तिघं जेवलो. माझ्या मायची जवारी, जितं उभी ऱ्हायला पायजे होती तितं बसून आमी तिची भाकर खाल्ली. ल्योक म्हणला, "गोड लागतीय गं अजून." मग हात धुतला आन म्हणला, "मी जातो हैदराबादला."

मी अडवलं न्हाई. काय सांगून अडवणार होते.

तो मिस्तरीच्या हाताखाली लागला, मग तितंच कुठं राखणदार झाला, लगीन तिकडंच. वर्सातनं एकदा यायचा. पट्टी पाटलाच्या धाकट्याला बटईनं दिली, तो अजून करतोय. बांध तसाच हाय, एक दगड हाललेला न्हाई. ल्योक गावाला आला की रानाकडं जात न्हाई. एकदा येताना माझ्यासाठी जवारीचं पीठ घेऊन आला, गिरणीतलं, पिशवीत बांधून. म्हणला, आई, तुला दळायला नको. मी घेतलं. त्याची भाकर केली, वाढली त्याला. 

पुढं संकरित बियाणं आलं, दरसाली दुकानातनं आणायचं. आता कमलनगराकडनं, बसवकल्याणाकडनं जीपगाड्या येत्यात, शिबिरं घेत्यात, तरण्या पोरायला पैसा कसा राखावा, रान कसं टिकवावं शिकवत्यात. मलाबी एकदा खुर्चीवर बसवलं. म्हणले, आजी, जुनं बी कसं राखायचं सांगा. मी राख सांगितली, ऊन सांगितलं, कणीस कसं निवडायचं सांगितलं. पोरायनी लिहून घेतलं. बी एकाच्यापण घरात न्हवतं. माझ्यापण न्हवतं.

भोपळा अजून तुळईला हाय. रिकामा.

माझ्या मायची जवारी कशी असती ते सांगते, नीट वाचा. कणीस लई मोठं न्हाई, मान उलीशी वाकडी. दाण्यावरचं बोंड तांबडं. दाणा पिवळसर पांढरा आन बुडाला बारीक तांबडा ठिपका. कडबा गोड, जनावर बुडखापण सोडत न्हाई. थोडक्या पाण्यात येती, दगडाळ रानात येती. माझं माहेर औरादच्या अंगाचं, तिकडं असंल कुणाकडं, न्हाईतर उदगीरच्या अंगाला लेकी दिल्यात त्यांच्या वटीत गेली असंल. तुमच्या घरात गाडग्यात, उतरंडीत, कुठंबी असली तर सगळी खाऊ नका. एक मूठ आमाला द्या. नात येईल न्यायला. तुमी म्हणाल तितं, दाराच्या बाहेर उभी ऱ्हाईल.